प्रतिपालकत्वात आलेल्या किशोरवयीन मुलांचे अवघड वागणे: समजून किती घ्यावे, ताणावे कुठे?

गोदाकाठ
नमस्कार. जूनपासून आमच्या घरी बालकल्याण समितीच्या (निराधार व अडचणीतल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीच्या) आदेशाने एक चौदा वर्षांची मुलगी प्रतिपालकत्वात, म्हणजे दत्तक न घेता सांभाळण्यासाठी (फॉस्टर केअर), राहत आहे. इथे तिला चिमणी म्हणते. हे तिचे खरे नाव नाही. त्याआधी काही वर्षे ती एका बालगृहात होती. तिची आई हयात आहे, परंतु मुलीला सांभाळण्याच्या स्थितीत नाही. आमचा स्वतःचा मुलगा दहा वर्षांचा आहे.

सुरुवातीचे आठवडे इतके सुरळीत गेले की आम्हाला मिळालेल्या सूचना उगाच घाबरवणाऱ्या होत्या, असे वाटू लागले. मग हळूहळू एकेक गोष्ट समोर येऊ लागली. तिच्या कपाटात मुंग्यांची रांग दिसली म्हणून पाहिले, तर स्वेटरच्या घडीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार पोळ्या आणि गुळाचा खडा निघाला. आमच्याकडे डब्यांना कुलूप नाही आणि तिला खाण्याबाबत कुणी कधी नाही म्हटलेले नाही. खोटे बोलणे तर अशा गोष्टींतही चालते, जिथे खरे बोलून काहीच बिघडणार नसते. क्लासहून यायला उशीर का झाला, एवढेच विचारले तर दार असे आपटले की कडीचा कोयंडा निखळला. गौरी-गणपतीत ती खूप रमली होती, माझ्या शेजारी बसून मोदकांना कळ्या पाडायला शिकली. आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तिने माझ्या मुलाची चित्रकलेची वही फाडून टाकली.

सध्याचा वाद मोबाईलचा आहे. रात्री उशिरापर्यंत ती कुणाशी तरी बोलत असते आणि कोण आहे ते सांगत नाही. मोबाईल काढून घ्यावा, असे यजमानांचे मत आहे. मला त्याची धास्ती वाटते. जाऊबाई म्हणतात, "रक्तच तसे, तुम्ही काय करणार?" हे वाक्य मला अजिबात मान्य नाही, पण त्याला उत्तर काय द्यावे तेही सुचत नाही. अशा मुलांबरोबर राहिलेल्यांनी कृपया अनुभव लिहावेत. आणखी एक शंका आहे: हे सगळे समितीला कळवले, तर मुलीला परत नेतील का?

शेवंता
वाचते आहे. माझ्याकडे अनुभव नाही, पण जाऊबाईंना एक प्रश्न विचारून पाहा: रक्ताच्या नात्यातल्या किती मुलांनी आजवर दारे आपटली नाहीत?

खट्याळ_बोका
खाणे लपवणे, विनाकारण खोटे बोलणे, दार आपटणे, रात्री मोबाईल. ताई, हे माझ्या पोटच्या पोराचे वर्णन तुमच्याकडे कसे पोहोचले? फरक इतकाच, की आमच्याकडे पोळ्या लपवत नाहीत. पोळ्या टाकून चिप्स लपवतात.

निवृत्त_मास्तर
बोका यांचा विनोद बाजूला ठेवू. मी तीस वर्षांहून अधिक काळ माध्यमिक शाळेत शिकवले आणि वसतिगृहाची जबाबदारीही सांभाळली. आजकाल प्रत्येक वागण्याला कारण शोधण्याची जी पद्धत आली आहे, ती मला पटत नाही. वही फाडली तर ती भरून द्यायला हवी, कोयंडा तुटला तर तो बसवताना तिने सोबत उभे राहायला हवे, आणि मोबाईल रात्री दहानंतर बंद. मुलगी परकी आहे म्हणून नियम सैल ठेवले, तर ती परकी आहे हेच आपण तिला रोज सांगत राहतो. तुमच्या मुलालाही तोच अन्याय वाटेल. माया असावी, परंतु मायेच्या नावाखाली घर वेठीला धरू देऊ नये.

लेस्टरची_काकू
गोदाकाठताई, मी आणि माझे पती इंग्लंडमध्ये गेली काही वर्षे स्थानिक कौन्सिलतर्फे मुले सांभाळतो, बहुतेक वेळा बारा ते सतरा वयोगटातील. इथे ऐंशी हजारांहून अधिक मुले शासनाच्या देखरेखीखाली आहेत आणि त्यांतील बहुसंख्य मुले आमच्यासारख्या कुटुंबांत राहतात, त्यामुळे प्रशिक्षण आणि गाठीशी असलेला अनुभव बराच आहे. भारतातली परिस्थिती वेगळी आहे हे मान्य करून, जे तिथेही चालेल तेवढेच लिहिते.

आधी पोळ्यांचे. हे आमच्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाने कोणत्या ना कोणत्या रूपात केले. ज्या मुलाने लहानपणी उपास काढले आहेत, किंवा जिथे जेवण वेळेवर आणि मोजून मिळत होते, त्याला भरलेला फ्रिज दिसतो. पण तो उद्याही भरलेला असेल, यावर त्याचा विश्वास बसत नाही. "आपल्याकडे खूप आहे, लपवू नकोस" हे कितीही प्रेमाने सांगितले तरी उपयोग होत नाही. आम्ही मुलाच्या नावाचा एक घट्ट झाकणाचा डबा त्याच्या खोलीत ठेवतो. त्यात दाणे, राजगिऱ्याच्या वड्या, खाकरे असे न नासणारे पदार्थ असतात. डबा रिकामा झाला की काहीही न बोलता भरायचा. किती खाल्ले, कधी खाल्ले, याची चौकशी करायची नाही. काही महिन्यांनी डबा अर्धा भरलेला राहू लागतो, आणि नंतर मूल त्याला विसरते. कपाटातले नासके अन्न मात्र शांतपणे, तिच्यासमोर काढावे. तिच्या नकळत साफ केले, तर तिच्या वस्तूंना कुणीतरी हात लावते, हा नवा धसका बसतो.

दुसरे म्हणजे नोंदवही. आम्हाला रोजची नोंद ठेवावीच लागते, आणि सुरुवातीला ते कटकटीचे वाटते. पण कधी, कशानंतर, किती वेळ, असे दोन ओळींत लिहीत गेलात तर महिन्याभरात आकृती दिसू लागते. सणानंतरचा उद्रेक, भेटीनंतरचा उद्रेक, रविवारी संध्याकाळचा उद्रेक, ही सगळी वेगवेगळी असतात.

मास्तरांशी अर्धी सहमत आहे. नियम हवेतच. पण इथे आम्हाला मुलावर हात उगारण्यास कायद्याने पूर्ण बंदी आहे, आणि जेवण, आईवडिलांची भेट किंवा फोन, झोप यांपैकी काहीही शिक्षा म्हणून रोखता येत नाही. सुरुवातीला वाटते, मग उरले काय? उरते ते बरेच असते. फाडलेल्या वहीच्या जागी दोघांनी मिळून दुकानात जाऊन नवी वही आणणे, हा परिणाम आहे. पंधरा दिवस टीव्ही बंद, ही नुसती शिक्षा आहे. पहिल्यात केलेल्या कृतीशी संबंध दिसतो, दुसऱ्यात फक्त मोठ्यांची ताकद दिसते, आणि ताकदीचा अनुभव या मुलांना आपल्यापेक्षा जास्त असतो.

शेवंता
काकू, खाकरा लेस्टरमध्ये सहज मिळतो का? (अवांतराबद्दल क्षमस्व.)

लेस्टरची_काकू
लेस्टरमध्ये खाकरा मिळणार नाही, तर कुठे मिळणार? इथे गुजराती दुकाने पावलापावलावर आहेत. दुर्मीळ आहे ती भाजणी.

घंटेचा_मुलगा
मी सहसा फक्त वाचतो. आज लिहितो, कारण वयाच्या सातव्या वर्षापासून अठरा पूर्ण होईपर्यंत मी मराठवाड्यातील एका बालगृहात वाढलो. आता नोकरी करतो, संसार आहे.

आमच्याकडे उठण्याची, जेवणाची, अभ्यासाची घंटा होती. संध्याकाळी साडेसातची पंगत हुकली, तर सकाळपर्यंत काही नाही. मोठी मुले लहानांच्या ताटातली पोळी उचलत, म्हणून आम्ही पोळी आधी चड्डीच्या खिशात घालायचो आणि भात-आमटी ताटात खायचो. ही सवय कुणी शिकवली नव्हती आणि कुणी "आता गरज नाही" म्हटल्याने ती गेली नाही. लग्नानंतरही माझ्या ऑफिसच्या पिशवीत बिस्किटाचा पुडा असे; बायकोने त्याबद्दल कधी विचारले नाही, याचे मला आजही बरे वाटते.

आता खोटे बोलण्याबद्दल. "कुठे होतास?" हा प्रश्न तुमच्या घरात काळजीचा असतो. आमच्याकडे तो छडीच्या आधीचा प्रश्न होता. त्याला उत्तर म्हणून जे काही सर्वांत लवकर तोंडात येईल ते बोलायचे, खरेखोटे नंतर, अशी जिभेला सवय लागते. दात घासले का, या प्रश्नालाही मग तेच होते. तुमच्या मुलीला काही माहीत करून घ्यायचे असेल, तर प्रश्नाऐवजी आपल्याला दिसलेली गोष्ट सांगून पाहा: "साडेसात वाजून गेले तशी मला काळजी वाटू लागली होती. जेवण झाकून ठेवले आहे." उत्तर लगेच येणार नाही. कदाचित दुसऱ्या दिवशी भांडी लावताना येईल.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. "असे वागलीस तर परत पाठवू" हे वाक्य रागातसुद्धा, थट्टेतसुद्धा घरात उच्चारले जाऊ नये. आमच्यातला एक मुलगा एका कुटुंबाकडे गेला होता आणि थोड्या दिवसांनी परत आला. त्याने नंतर सांगितले की ते लोक हे वाक्य सारखे म्हणायचे, म्हणून एक दिवस त्याने ठरवून टीव्हीची काच फोडली. त्याच्या मते जायचेच होते, तर तारीख आपण ठरवलेली बरी.

गोदाकाठ
घंटेचा मुलगा, तुम्ही लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला.

काकूंनी नोंदीचे लिहिले, म्हणून कॅलेंडर काढून बसले. वही फाडली त्याच्या आदल्या दिवशी सकाळी तिच्या आईची भेट ठरली होती आणि आई आली नव्हती. विसर्जनाच्या गडबडीत ते आम्हाला तितकेसे जाणवले नाही, आणि चिमणी त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. उलट दिवसभर आरत्या म्हणत होती.

मनाची_वीण
मी बाल व किशोरवयीन मुलांसाठी समुपदेशक म्हणून काम करते. ताईंनी कॅलेंडरवरून जे शोधले, तिथून पुढे लिहिते.

आई आली नाही. त्याचा राग आईवर काढता येत नाही, कारण आईवर राग धरला तर उरलेली आशाही संपेल. तो तुमच्यावर काढणे धोक्याचे, कारण जेवणखाण तुमच्या हातात आहे. मग ज्याची आई रोज घरी असते, त्या दहा वर्षांच्या मुलाच्या वहीवर तो निघतो. हे वागणे समर्थनीय आहे असे मी म्हणत नाही. पण ते "उगाच" नाही.

जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यात हे मांडले की मूल आपल्या पहिल्या सांभाळणाऱ्यांकडून जगाचा एक नमुना तयार करते: मी हाक मारली तर कुणी येते की नाही, जवळ जाणे सुरक्षित असते की नाही. घर बदलले तरी हा नमुना लगेच बदलत नाही. पुढे 1998 साली अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी हजारो प्रौढांच्या पाहणीवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. बालपणातील मारझोड, दुर्लक्ष, घरातील व्यसन असे प्रतिकूल अनुभव जितके अधिक, तितके मोठेपणीचे शारीरिक व मानसिक आजारांचे प्रमाण अधिक, असे त्यात दिसले. त्यावरून प्रत्येक मुलाचे भविष्य ठरते असे मुळीच नाही. परंतु मुलाच्या आयुष्यात "काय घडले आहे" हे विचारण्याची सवय व्यवसायातील लोकांना त्यातून लागली.

गॅसगळतीतून एकदा वाचलेल्या माणसाला पुढे कुठेही जरासा वास आला तरी तो खिडक्या उघडू लागतो, तसे या मुलांच्या मेंदूचे झालेले असते. तुमचा आवाज किंचित चढला, कुणी दारात आडवे उभे राहिले, की धोका ओळखणारा भाग आधी काम करतो आणि विचार करणारा भाग मागे पडतो. तसाही हा दुसरा भाग किशोरवयात पूर्ण वाढलेला नसतो; त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालते. म्हणून दार आपटल्यानंतरच्या दहा मिनिटांत केलेला उपदेश वाया जातो. त्या वेळी कमी शब्द, खालचा स्वर, शक्य असेल तर बसून बोलणे आणि तिला बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवणे, एवढेच करावे. कोयंड्याची चर्चा रात्री किंवा दुसऱ्या दिवशी. बोलायचे असेल तेव्हा समोरासमोर बसवू नये. गाडीत, भाजी निवडताना, केसांना तेल लावताना, जिथे नजरेला नजर द्यावी लागत नाही, तिथे ही मुले बोलतात.

आणि चांगल्या दिवसांनंतरचे बिघडणे हेही नेहमीचे आहे. सुख फार झाले की ते हिरावले जाईल, ही भीती वाढते. शिवाय आपल्याला मजा आली म्हणजे आपण आपल्या आईला विसरलो, अशी अपराधी भावनाही असते. दिवाळी जवळ आली आहे. या वेळी कार्यक्रम थोडा आटोपशीर ठेवा आणि काय काय होणार, कोण येणार, हे तिला आधीच सांगून ठेवा.

निवृत्त_मास्तर
समुपदेशकांचे विवेचन वाचले. आदर राखून विचारतो की दहा वर्षांच्या मुलाने हे सगळे का समजून घ्यायचे? त्याची वही फाटली आहे. त्याला बोल्बी सांगणार का?

पाटसची_मामी
मास्तरांचा प्रश्न रास्त आहे, कारण घरातल्या मुलांचा विचार या चर्चांत मागे पडतो. आमचा प्रकार थोडा वेगळा आहे. माझी नणंद आणि तिचे यजमान दोघेही 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले, तेव्हापासून भाचा आमच्याकडे आहे. आता तो सोळा वर्षांचा आहे. कागदोपत्री आम्ही बालसंगोपन योजनेत आहोत. त्यात महिन्याला 2250 रुपये मिळतात. त्याशिवाय दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने ठेवलेली पाच लाखांची ठेव आणि केंद्राच्या पीएम केअर्स निधीतून अशा मुलांना मिळणारी रक्कम त्याच्या नावावर आहे.

आमच्याकडचे अवघड वागणे याच पैशांवरून सुरू झाले. "माझ्या पैशांवर तुमचे घर चालते" हे त्याने मामाला चारचौघांत ऐकवले. मामाला किती लागले असेल, ते लिहित नाही. बाहेरून कुणीतरी त्याचे कान भरले होते, हे उघड होते. आम्ही भांडण न करता त्याला घेऊन बँकेत आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात गेलो. कोणती रक्कम कुठे आहे, पीएम केअर्सचे दहा लाख त्याला तेविसाव्या वर्षी कसे मिळतील, अठरा ते तेवीस या काळात विद्यावेतन कसे मिळेल, हे सगळे तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यालाच समोर बसवून सांगितले. ठेवीच्या पावतीची प्रत आता त्याच्याच कपाटात असते. नातेवाईकांच्या घरी राहणाऱ्या मुलाला उपकाराचे ओझे फार असते, आणि ते झटकण्यासाठी तो हिशेब मांडतो, असे माझे मत झाले आहे.

आमच्या मुलीचे म्हणाल, तर आम्ही तिची आणि आमची अशी वेळ स्पष्ट वेगळी ठेवली. शनिवारी सकाळी ती आणि मी बाजारात जातो. तेव्हा भाच्याबद्दल ती हवे ते बोलू शकते, कितीही वाईट, आणि मी "त्याला समजून घे" म्हणत नाही. नुकसान झाले तर भरपाई मिळते, समजूतदारपणाचा तगादा नाही. तुमच्या मुलाची वही आधी भरून द्या, ताई.

खट्याळ_बोका
मामी, शनिवारच्या बाजाराची ही सोय मोठ्यांसाठीही सुरू करावी. माझ्याकडे बोलण्यासारखे बरेच साठले आहे.

समितीवर_होते
मी एका जिल्ह्यात बालकल्याण समितीची सदस्य म्हणून एक कार्यकाळ काम केले आहे, म्हणून ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते. तो चर्चेत मागे राहिला.

कळवल्याने मुलीला परत नेतील, ही भीती अनेक कुटुंबांना असते, आणि त्यामुळेच ती गप्प बसतात. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 44 खाली प्रतिपालक कुटुंबाची दरमहा पाहणी अपेक्षित आहे. ती केवळ चुका शोधण्यासाठी नसते. मुलगी दार आपटते, खाणे लपवते, म्हणून तिला हलवणारी समिती मी पाहिलेली नाही; कुटुंबाने चार महिने काही सांगितले नाही आणि एक दिवस "उद्याच घेऊन जा" असा फोन केला, हे मात्र पाहिले आहे. लेखी कळवा, तारखा घाला, आणि कोणती मदत हवी ते नेमके मागा: समुपदेशन, भेटींचे वेळापत्रक, शाळेशी बोलणे. मुलीचा व्यक्तिगत संगोपन आराखडा (तिच्या गरजा आणि पुढील काळजी यांची लेखी योजना) तुम्हाला दाखवला आहे का? नसल्यास मागून घ्या. तिच्या आधीच्या आयुष्यातील काय काय तुम्हाला माहीत असणे तिच्या हिताचे आहे, हे परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) सांगू शकतील.

आई भेटीला येणार म्हणून सांगून न येणे, हा विषय समितीने हाताळायचा आहे, तुम्ही आईला फोन करून जाब विचारायचा नाही. आई निघाली आहे याची खात्री झाल्यावरच मुलीला सांगावे, किंवा "ठरले आहे, पण बदलू शकते" असे आधीच सांगावे, असा निर्णय समिती घेऊ शकते.

जाता जाता: केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रतिपालकत्वासाठी मुलामागे दरमहा चार हजार रुपयांची तरतूद आहे. 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळता येते, मात्र एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. दोन वर्षांच्या सहवासानंतर, मूल दत्तक देण्यासाठी कायद्याने मुक्त जाहीर झाले असेल तर, दत्तकाचा मार्गही खुला होतो. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. इथे वाचणाऱ्या कुणाच्या मनात असेल, म्हणून लिहिले.

आणि एक विनंती. याच अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असा मजकूर प्रसिद्ध करता येत नाही. ताईंनी काळजी घेतली आहेच. पण पुढच्या प्रतिसादांत शाळा, गाव, फोटो यांपैकी काही येणार नाही, याकडे सर्वांनी लक्ष द्यावे.

शेवंता
समितीवर होते यांना प्रश्न: सोसायटीत लोक विचारतात, "ही कोण?" तेव्हा काय सांगायचे असते?

घंटेचा_मुलगा
हे मुलीला विचारून ठरवावे. कुणाला "भाची" चालते, कुणाला अजिबात चालत नाही. मला एका शिक्षकांच्या घरी सुटीत नेत, तेव्हा ते "हा आमच्याकडे आला आहे" एवढेच सांगत आणि लगेच क्रिकेटचा विषय काढत. चौकशी करणाऱ्यांना क्रिकेट पुरते.

निवृत्त_मास्तर
मामींची बँकेची गोष्ट मला आवडली, कारण त्यात मुलाचे लाड नाहीत आणि अपमानही नाही. माझे म्हणणे मी मागे घेत नाही. परंतु दहा मिनिटे थांबून बोलावे, यात शिस्तीला बाधा येते असेही मला वाटत नाही. छडीबद्दल कुणी विचारेल, म्हणून सांगतो: वसतिगृहात मी ती वापरली नाही, आणि त्यासाठी मला बोल्बी वाचावा लागला नाही.

मोबाईलचे मात्र कुणीच बोलले नाही. मूळ प्रश्न तोच होता.

मनाची_वीण
मास्तरांनी बरोबर आठवण करून दिली. दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात.

पहिली म्हणजे झोप. रात्री दहा वाजता घरातले सगळे मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, आईवडिलांचे धरून. नियम फक्त तिच्यासाठी असेल तर ती शिक्षा होईल आणि ती पळवाट काढेल.

दुसरी म्हणजे ती कुणाशी बोलते. ती बालगृहातली जुनी मैत्रीण असू शकते. या मुलांची खरी भावंडे बरेचदा तीच असतात, आणि मोबाईल हिसकावणे म्हणजे ते नाते तोडणे ठरते. दिवसा, उजेडात, त्या मैत्रिणीशी बोलायला तुम्हीच वेळ देऊ केलात, तर रात्रीचे लपवणे कमी होईल. पण ती अनोळखी प्रौढ व्यक्ती असेल, फोटो मागत असेल, भेटायला बोलावत असेल, तर हा घरगुती वाद राहत नाही. बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे. 1098 या बालमदत क्रमांकावरही बोलता येते. त्या प्रसंगी तिला दोष देणारा एकही शब्द निघता कामा नये, नाहीतर पुढच्या वेळी ती कुणालाच सांगणार नाही.

हातावर कापल्याच्या खुणा, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा, अनेक दिवस न झोपणे यांपैकी काहीही दिसले, तर पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

गोदाकाठ
सर्वांचे पुन्हा आभार. काल काय झाले, ते लिहिते.

आम्ही मुलाला नवी वही आणून दिली, चिमणीही दुकानात आली होती. तिने स्वतःहून रंगीत खडूंची पेटी निवडली आणि त्याच्या हातात न देता त्याच्या दप्तरावर ठेवली. त्याने ती घेतली, पण "माझा वाघ परत येणार नाही" असे ऐकवलेच. त्याचा तो हक्क होता, आम्ही मध्ये पडलो नाही. खोलीत डबा ठेवला आहे. सध्या तो दोन दिवसांत रिकामा होतो आणि दाण्यांच्या लाडवांचा खप भयंकर आहे.

मोबाईलबद्दल दहाचा नियम सर्वांना लागू केला. सर्वाधिक त्रास यजमानांना होत आहे. फोनवर कोण असते, ते मी विचारले नाही. रविवारी दुपारी कुणाला फोन करायचा असेल तर माझा वापर, त्याला रेंज चांगली आहे, एवढे म्हणाले. तिने एका मुलीचे नाव सांगितले आणि "ती अजून तिथेच आहे" असे म्हणाली. तिला आमच्याकडे दिवाळीत एका दिवसासाठी बोलावता येईल का? त्यासाठी परवानगी कुणाकडे मागायची?

समितीवर_होते
ती मुलगी ज्या बालगृहात आहे, तिथल्या अधीक्षकांमार्फत समितीकडे लेखी अर्ज द्यावा लागेल. कोणती तारीख, किती तास, आणणार-पोहोचवणार कोण, घरात कोण कोण असेल, हे त्यात लिहा. तुमची चौकशी आधीच झालेली असल्याने अडचण कमी यावी, पण दिवाळीच्या तोंडावर अर्ज बरेच असतात, म्हणून याच आठवड्यात द्या. आणि परवानगी हातात येईपर्यंत चिमणीला "विचारले आहे" एवढेच सांगा.

लेस्टरची_काकू
अर्ज लिहिताना चिमणीलाही बरोबर बसवा, ताई. आणि तिची मैत्रीण परत जाईल त्या संध्याकाळी पाहुणे बोलावू नका.

खट्याळ_बोका
दिवाळीपर्यंत दहाचा नियम टिकला तर यजमानांचाही सत्कार करावा, असा ठराव मांडतो.

पाटसची_मामी
अनुमोदन. ताई, दाण्याच्या लाडवांत गूळ पातळ करून घालता की किसून? आमच्याकडे दोन दिवसांत फुटतात.

गोदाकाठ
दाणे गरम असतानाच गूळ किसून मिक्सरमधून फिरवते, मामी. तूप एक चमचा. अर्ज उद्या देत आहोत.